कळकलेलं ताक

एका गावात एक कोष्टीण होती. देवळातल्या उत्सवाच्या दिवशीही ती रोजच्यासारखी मागावर बसली होती, सासूबाई सुताच्या कांड्या भरत होत्या. तेवढ्यात देवळाकडून निरोप आला, पुरुषांच्या पंगतीतली माणसं ओकून ओकून आडवी झाली आहेत. कोष्टिणीचा नवराही त्या पंगतीत होता. बाकीचे सावरले. तो नुकताच आजारातून उठलेला, तो गेला.

सुतक फिटलं तशी पंचायत बसली. पाटील म्हणाला, "ताक प्यायले तेच आजारी पडले. ताक गवळणीचं. आता आणखी काय बघायचं? गुरं घे आणि गाव सोड!"

"धनी, मी याच गावात म्हातारी झाले," गवळण रडत म्हणाली. "आता जाऊ कुठं?"

कोष्टीण उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता गवळणीच्या झिंज्याच धरणार.

"माणूस माझं गेलंय, म्हणून मीच विचारते," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी हिनं देवळाच्या पातेल्यात ताक ओतलं आणि त्याच घुसळणीतलं माझ्या मडक्यात. सकाळी मी आणि सासूबाई ते प्यायलो. आम्हाला साधी मळमळ नाही. मग ताक वाईट कसं?"

"ताक नाही तर हिची नजर वाईट."

"मोठी शहाणी नजर, पाटील! पंगतीला लागली आणि माझ्या मडक्याला घाबरली?"

कुणीतरी हसलं.

"मग विहिरीचं पाणी असेल," पुजारी पुटपुटला.

"बायकांची पंगत मागून बसली. ताक संपलं होतं. भात, आमटी, पाणी सगळं तेच. एक तरी बाई ओकली?" तिचा आवाज चढला नव्हता. "तेच ताक माझ्या घरी चांगलं आणि देवळात विष. फरक एकच, भांड्याचा. आणा ते पातेलं!"

पितळी पातेलं आणलं. आत कल्हईचा मागमूस नव्हता, तळाला हिरवा गंज चढलेला. अशा पितळेत रात्रभर ठेवलेलं ताक कळकतं, विषारी होतं, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण आत कुणी डोकावलंच नव्हतं. सगळे गवळणीकडे बघत होते. उत्सवाआधी कल्हई करून घेण्याचं काम पाटलाचं होतं.

"तुम्हाला कारण सापडलं नव्हतं, पाटील," कोष्टीण म्हणाली. "नुसतं माणूस सापडलं होतं."

गवळण गावातच राहिली. पातेल्याला दुसऱ्याच दिवशी कल्हई लागली. "माझं चुकलं" असं मात्र पाटील गवळणीला कधीच म्हणाला नाही.

तात्पर्य एवढंच: दुसरं काही कारण असू शकतं का, हे एकेक करून तपासल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवू नये.