कामावर निघालेला मांडव

सोलापुरात मंत्रीमहोदयांचा रोजगार मेळावा भरला होता. आपण किती जणांना काम दिलं, हा आकडा त्यांना आजच्या आज जाहीर करायचा होता. म्हणून चादरीचे कारखाने बंद पडल्यानं घरी बसलेल्या पाचशे बायकांना नेमणूकपत्रं वाटली गेली. ‘आजपासून रुजू, वेळ सकाळी आठ ते पाच’ असं त्यांत छापलं होतं. नव्या कारखान्याच्या जागेवर अजून बाभळीच उभ्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

त्यांतली अंबूबाई गज्जम मात्र पत्र मिळाल्याच्या कागदावर काही सही करेना. सही केली की बेरोजगारांच्या यादीतलं नाव कटणार, मग खरं काम आलं तरी तिला कोणी बोलावणार नाही, हे तिनं ओळखलं होतं.

मंत्री माइकवरूनच गुरकावले, “बाई, सरकारचं पत्र मिळालं म्हणजे नोकरी लागली!”

“कधीपासून ओ साहेब?”

“आजपासून! आत्तापासून!”

अंबूबाईनं पदर खोचला. “उठा गं समद्याजणी! आठचा भोंगा कधीच झाला, आता अकरा वाजले. पहिल्याच दिवशी खाडा नको.”

पाचशे बायका हसत उठल्या आणि दाराकडे निघाल्या. कॅमेऱ्यांसमोर नुसत्या खुर्च्या उरायला लागल्या.

“अहो ताई, बसा! माझं भाषण राहिलंय!”

“बसतो की. पण कामाच्या वेळी मांडवात बसायला बेरोजगारच लागतात, साहेब. तेवढी आमची नावं यादीत राहू द्या.”

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडून सह्यांचे कागद परत मागवले.