नऊ ठोके एका दमात

“मग देवदूतांना स्वतःची इच्छा असते की नसते?”

इनासला सायकल भिंतीला टेकवायचंही भान राहिलं नाही. ती मोगऱ्याच्या वाफ्यात आडवी झाली आणि तो तसाच धापा टाकत फादर जॉकिम यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

फादर चर्चच्या, गावच्या बोलीत देवळाच्या, मागच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. वसईकडच्या या गावातूनच ते निवृत्त झाले होते. इनासला पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवली होती.

“असते,” ते म्हणाले.

“मग ते पाप का करत नाहीत?”

“काहींनी केलं की. एकदाच ‘नाही’ म्हणाले. कायमचे गेले.”

“आणि बाकीचे एकदाच ‘हो’ म्हणाले. कायमचे सुटले!” इनासने टाळी वाजवली. “तेच हवंय मला, फादर! आठवडाभर ग्रंथ चाळतोय. आज सापडलं!”

फादरांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत आठ वर्षं इनासचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. येत्या शनिवारी त्याला डिकनपद, म्हणजे फादर होण्याआधीची पायरी, मिळायचं होतं. बिशपांपुढे गुडघे टेकायचे, जोडलेले हात त्यांच्या हातांत द्यायचे आणि जन्मभर आज्ञा पाळण्याचं वचन द्यायचं.

“मग अडतंय कुठं?” फादरांनी विचारलं.

इनासचा आवाज एकदम खाली आला.

“बिशप मला डोंगरातल्या मिशनवर पाठवणार, असं कळलंय. आई घरी एकटी. तिला आता नीट दिसत नाही... म्हणून आतून सारखं ‘नाही’ उठतं. प्रार्थनेत उठतं, जेवताना उठतं. देवदूताच्या मनात असं उठत असेल? मग माणसाच्याच मागे का लावलं देवानं हे? आदामापासूनची सगळी पापं या एका ‘नाही’तूनच निघाली. ते मुळासकट उपटून द्या मला. नाही जमलं, तर आजच बिशपांना कळवतो की शनिवारी मी येत नाही.”

“उपटल्यावर तुझ्यात उरेल काय?”

“आज्ञापालन!”

“हं...”

फादरांनी ओट्यावरच्या सावलीकडे पाहिलं.

“बारा वाजले. घंटा देणाऱ्या पावलूला आज ताप आहे. जा, तू दे.”

इनास धावतच गेला. दोर धरला आणि ठण ठण ठण... नऊच्या नऊ ठोके एका दमात देऊन मोकळा झाला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

“पाहिलंत, फादर? तुम्ही सांगितलं, मी केलं. मध्ये विचार आलाच नाही. देवदूत असाच असणार!”

तेवढ्यात केळीच्या बागांमधून आरडाओरडा ऐकू आला.

त्या गावात दुपारची घंटा तीन ठोक्यांची. मग थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं, मग शेवटचे तीन. न थांबता घंटा वाजली, तर कुठंतरी आग लागली असं समजायचं, हे तिथं शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक.

दहा-बारा बाया हंडे-कळश्या घेऊन अंगणात घुसल्या. सगळ्यांत पुढे रेमेतमावशी. अर्धा हंडा तिच्याच लुगड्यावर सांडला होता.

“कुठं लागली?”

“काय?”

“आग रे, मेल्या!”

“आग नाही, मावशी. दुपारची प्रार्थना...”

“ही प्रार्थना? भात चुलीवर टाकून धावले मी! आठ वर्षं काय शिकलास रे तिकडं? झग्याला इस्त्री करायला?”

बायांमध्ये हशा पिकला. इनासचे कान लालबुंद झाले.

“रेमेत,” फादर म्हणाले, “तीन ठोक्यांनंतर का थांबायचं, ते जरा सांग आमच्या पंडिताला.”

“त्यात सांगायचं काय? पहिल्या तिनात देवदूत निरोप देतो, तुझ्या पोटी देवाचा पुत्र येणार म्हणून. पुढच्या तिनात मरियामाता उत्तर देते. मध्ये तिला विचार नको करायला? मला बघायला आले होते, तेव्हा मी सगळ्यांना किती वेळ ताटकळत ठेवलं! आईनं चहा दोनदा गरम केला.”

“आणि तोवर देवदूत?”

“उभा. करतो काय बिचारा!”

बाया पुन्हा हसल्या. इनास मात्र हसला नाही.

ही प्रार्थना तो दिवसातून तीनदा म्हणत आला होता. तिच्यावर त्याने निबंध लिहिला होता, त्याला बक्षीसही मिळालं होतं. पण त्यातला देवदूत त्याला कधी उभा दिसला नव्हता. आत्ता दिसला. नाझरेथमधल्या एका मुलीच्या दारात, पंख मिटून, तिच्या तोंडाकडे बघत... आणि त्याच्यामागे अख्खा स्वर्ग श्वास रोखून.



“फादर... ती ‘नाही’ म्हणू शकत होती?”

फादर शेंगा सोलत राहिले.

“म्हणजे... देवानं तिला खरंच विचारलं होतं?”

फादरांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि उठले.

“चल. घंटा पुन्हा देऊ.”

सगळी देवळात गेली. इनासने दोर धरला. एक... दोन... तीन.

तो थांबला.

बायांनी माना खाली घातल्या. पुटपुटणं झालं आणि मग शांत झालं. त्या शांततेत त्याचं ‘नाही’ उठलंच. हाताने उंबरा चाचपणारी आई दिसली. या वेळी त्याने ते खाली दाबलं नाही. उठू दिलं. पुरतं उठू दिलं... आणि मग त्याच्याच शेजारी, कुणी न ढकलता, आणखी काहीतरी उठून उभं राहिलं.

“फादर!”

तो इतक्या जोरात ओरडला, की रेमेतमावशीने एक डोळा उघडला.

“शनिवारी मी जाणार! आईचं सगळं बिशपांना मोकळेपणी सांगणार, आणि तरीही जाणार! ‘नाही’ म्हणता येतंय मला, फादर, अगदी स्पष्ट म्हणता येतंय, आणि मी ‘हो’ म्हणणार! आत्ताच...”

त्याचे हात दोरावर आवळले.

फादरांनी पुढे होऊन त्या हातांवर आपला तळवा ठेवला.

“हळू,” ते म्हणाले. “मरिया अजून विचार करतेय.”