साळिंदराचं सपाट टेबल

त्या राज्यात सपाट जागा कुठेच नव्हती. सगळं राज्य एका लांबलचक उतारावर वसलेलं होतं. वरच्यांच्या झाडांची फळं घरंगळत खालच्यांच्या अंगणात जात, आणि फळांच्या मागोमाग वरचा चिखलही जाई. वरच्यांना वाटे, खालचे फुकटचं खातात. खालच्यांना वाटे, वरचे मुद्दाम घाण सोडतात. आपण उताराच्या चुकीच्या टोकाला जन्मलो, एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं.

उताराच्या तळाशी तळं होतं. त्यावर पाणकावळ्यांनी मोठा तराफा बांधून जुगाराचा अड्डा थाटला होता. प्राणी साठवणीचे कंद आणि चारोळ्या पाठीवर घेऊन खाली उतरत आणि मोकळ्या पाठीने वर चढत. चढताना सगळ्यांच्या तोंडी एकच असे. "तराफा हलला हो. नेमकी तेव्हाच लाट आली, नाहीतर दान माझंच होतं."

हे ऐकून ऐकून रायाजीचे कान किटले होते. रायाजी हा साळिंदर, धंद्याने सुतार. त्याचं घर उताराच्या मध्यावर, त्यामुळे चढणारा प्रत्येक जण पाणी प्यायला त्याच्याच ओट्यावर टेकायचा आणि आपली लाट सांगायचा. एके दिवशी तो बायकोला म्हणाला, "ठकू, मी घरातच टेबल करतो. तराफ्यावर असतं तसंच, पण पक्क्या जमिनीवर. तसूभर उतार नाही, मालकाचा वाटा नाही. मग बघू कोण लाटेचं नाव काढतो ते."

"घरात कुठे करणार?" ठकूने विचारलं.

"मधल्या खोलीत."

"मधल्या खोलीशिवाय आपल्याकडे दुसरं आहे काय?"

पण रायाजी एव्हाना मापं घेऊ लागला होता. त्याने आधी जमिनीचा उंच भाग खणून सखल भागात भर घातली आणि ती चोपून चोपून दगडासारखी केली. शिसवीच्या फळ्या जोडून लंबगोल पाट केला. कडेने सावरीचा कापूस भरून मऊ गादी फिरवली, कोपरं टेकायला खोबणी काढल्या, आणि सरबताचे पेले ठेवायला कडेत करवंट्या बसवल्या. पाय ऐनाच्या लाकडाचे, भरभक्कम. वर पसरायला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, हवी होती. ठकूच्या माहेरची एक पेटीत होती. तिने द्यायच्या आधीच ती टेबलावर ठोकली गेली.

शेवटी त्याने काठोकाठ भरलेलं पसरट भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. थेंब कुठल्याही बाजूला सांडला नाही. त्या राज्यात कुणीही पाहिलेली ती पहिली सपाट वस्तू होती. रायाजी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, मग ठकूला हाक मारून म्हणाला, "बघ."

"बघितलं," ठकू म्हणाली. "आता चुलीकडे कुठून जाऊ ते सांग." टेबल आणि भिंत यांच्यामध्ये तिचे काटे अडकले होते.

पहिल्याच दुपारी चौघे आले. वरच्या अंगाचे दादासाहेब रानडुक्कर आणि मोर, खालच्या अंगाच्या घोरपडमावशी आणि मुंगूस. रायाजी स्वतः खेळत नसे. घरच्याने खेळू नये, हा त्याचाच नियम. फासे फेकायचे, ते समोरच्या गादीवर आपटून परत यायचे, आणि मोठं दान पडेल त्याने डाव उचलायचा. त्या दुपारी मुंगसाने सगळं उचललं. दादासाहेबांची कंदांची टोपली गेली.

"टेबल छानच आहे," दादासाहेब म्हणाले. "फक्त माझ्याकडून थोडं उचललेलं वाटतं. फासे माझ्याकडे येतायेता मागे फिरतात."

रायाजीने भांडं आणून दाखवलं. पाणी सपाट होतं. दादासाहेबांनी पाण्याकडे पाहिलं, रिकाम्या टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी ठीक आहे, पण फासे काही पाण्याचे नाहीत."

वाद कशाला, म्हणून रायाजीने त्यांच्या बाजूचा पाय अगदी केसभर तासला. दुसऱ्या दिवशी दादासाहेब जिंकले आणि मोराला आपली बाजू उंच वाटली. मग मोराचा पाय तासला. मग मावशींचा. मग मुंगूस हरलं, त्याचाही. चौघांची पाळी झाली की टेबल पुन्हा होतं तसं सपाट व्हायचं, फक्त थोडं बुटकं. हे एकट्या रायाजीच्या ध्यानात येई, आणि त्याचा जीव तळमळे. आधी ते उभ्याने खेळत, मग बसून, मग पोट जमिनीला टेकवून.

"अहो, हे सपाट आहे!" एकदा तो ओरडलाच. भांडं त्याने मोराच्या चोचीखाली आदळलं. "हे पाणी बघा! पाणी खोटं बोलतं का?"

मोर मान वाकडी करून म्हणाला, "पाणी तुमच्याच घरचं ना?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या घरचं पाणी घेऊन आला. चार भांडी टेबलावर ओळीने ठेवली. चारही सारखीच भरलेली, चारही सपाट. चौघांनी निरखून पाहिलं आणि चौघांचंही मत पडलं की बाकीच्या तिघांनी संगनमत केलंय. त्या दिवशी खेळ झालाच नाही. पाणी सांडून बनात मात्र भिजली.

"तुम्ही त्यांना हाकलत का नाही?" ठकूने विचारलं.

"हाकललं तर तराफ्यावर जातील. आणि तिथे म्हणतील, रायाजीचं टेबलसुद्धा वाकडंच होतं."

"म्हणेनात का."

 रायाजीने पटाशीला धार लावली.

होता होता पाय संपले. पाट जमिनीवर आला. आता तरी सुटलो, असं रायाजीला वाटलं. पण त्याच दुपारी घोरपडमावशींची चारोळी गेली. त्या पालथ्या पडून शांतपणे म्हणाल्या, "टेबलात काही खोट नाही रे बाबा. तुझी जमीनच उतरती आहे."

दादासाहेबांनी घरून फावडं आणलं. रायाजीने नको नको म्हणेपर्यंत मावशींच्या बाजूची माती निघालीही. मग जो हरेल तो आपल्या बाजूला खणू लागला. काही दिवसांत मधल्या खोलीत खड्डा झाला आणि टेबल त्याच्या तळाशी गेलं. खेळणारे सकाळी खड्ड्यात उतरत, ठकू वरून सरबत खाली सोडत असे.

शेवटी रायाजीचा तोल सुटला. तो खड्ड्यात उतरला आणि म्हणाला, "चालते व्हा. माझं घर खालून पोकळ केलंत तुम्ही. तुम्हाला खेळायचं नाही, तुम्हाला फक्त हरायचं नाही!"

कुणी हललं नाही. मुंगूस आपुलकीने म्हणालं, "रायाजी, तुम्ही कधी खेळलाच नाहीत. तुम्हाला कसं कळणार?"

"खेळतो," रायाजी म्हणाला. "आत्ता खेळतो. आणि हरलो तर हरायचं कसं असतं, तेही दाखवतो."

तो बसला. पहिला डाव हरला. त्याने हसून हात झटकले. "गेलं. असं म्हणायचं असतं. बघितलंत? गेलं."

दुसरा डाव हरला. "गेलं," तो म्हणाला. हसू जरा उशिरा आलं.

मग वर्षभराच्या मुळ्यांची थप्पी गेली. मग रंधा गेला, मग करवत, मग पटाशी. मुंगूस एकेक वस्तू आपल्याकडे ओढत होतं, आणि प्रत्येक वेळी फासे रायाजीच्या समोरच्या गादीपर्यंत येत होते आणि तिथून मागे फिरत होते.  दादासाहेब, मोर आणि मावशी त्याच्याकडे फार मायेने बघत होते.

"काय झालं?" ठकूने काठावरून विचारलं.

 रायाजी फाशांकडे बघत राहिला, मग बनातीकडे, मग स्वतः रंधून गुळगुळीत केलेल्या कडेकडे.  मग त्याने हात पुढे केला.

"दादासाहेब, जरा ते फावडं द्या."

दादासाहेबांनी ते लगेच दिलं. मावशींनी सरकून त्याला जागा करून दिली. त्याच्या पाठीमागे घराची मेढ होती, सगळं छप्पर तोलून धरलेली. तो तिच्या बुडाशी खणू लागला. ठकू वरून काहीतरी ओरडत होती. थोड्या वेळाने मेढीखालचा दगड निसटून खड्ड्यात आला आणि मेढ छपराला टांगल्यासारखी अधांतरी हलू लागली. रायाजीने ती खांद्याने बाजूला सारली आणि खणत राहिला.