सोळा बोअरची पुंगळी

"आणि ती भरणार कोण?" म्हाताऱ्या दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं.

"मी."

"आधी कधी भरलीयत?"

"नाही. पण शिकेन. तुमच्याकडं आहेत का, ते आधी सांगा."

धैर्यशील इंगवलेचा आवाज जरा चढलाच. या एका प्रश्नासाठी त्यानं कोल्हापूर पालथं घातलं होतं, पुणं पालथं घातलं होतं, बेळगावलाही जाऊन आला होता. सगळीकडं एकच उत्तर. सोळा बोअरची काडतुसं आता येत नाहीत. पुण्याच्या एका दुकानदारानं तर सल्लाही दिला होता, की बंदूक छान पुसा आणि दिवाणखान्यात टांगा.

आणि आता तो आजऱ्याकडच्या एका बाजारगावात, पिठाची गिरणी आणि बांगड्यांचं दुकान यांच्यामधल्या एका अरुंद खोलीत उभा होता. बाहेर पाटी होती, 'जमादार, बंदूक व दुरुस्ती'. आत जवसाच्या तेलाचा वास. गिरणीच्या पट्ट्यानं अख्खी भिंत थरथरत होती. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. रानडुकरांपासून ऊस वाचवायला ज्यांच्याकडं ठासणीच्या बंदुकांचे परवाने होते, ते इथं बंदुकीची दारू आणि छर्रे न्यायला येत.

दस्तगीर जमादार स्टुलावर चढले. वरच्या फळीवरून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला, फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवला.

"बघा."

धैर्यशीलनं झाकण उघडलं.

आत पितळेच्या पुंगळ्या होत्या. रिकाम्या, गुळगुळीत, एकीला एक लागून बसलेल्या. त्यानं एक उचलून बुडाशी कोरलेला आकडा खिडकीच्या उजेडात धरला.

सोळा.

त्यानं दुसरी उचलली. मग तिसरी. मग तो एकटाच हसायला लागला.

"ह्या पितळी आहेत," दस्तगीरचाचा म्हणाले. "कागदी काडतूस एकदा उडालं की गेलं. ही परत भरता येती. बुडाची ठिणगीची टोपी बदलायची, दारू, टिकल्या, छर्रे, वरनं झाकण. माझ्या वडलांनी शिकारी लोकांसाठी आणून ठेवलेल्या. शिकार बंद झाली आणि डबा वर गेला. तुमच्याआधी कुणी विचारलंच न्हाई."

"टोप्या? ह्यांना बसणाऱ्या टोप्या आहेत?"

"हायत."

"आणि दारूवर दाबायच्या नमद्याच्या टिकल्या?"

"कापून देतो की."

"भरायचं यंत्र?"

दस्तगीरचाचांनी काउंटरखाली हात घातला आणि लाकडी मुठीचा एक छोटा हातसंच वर काढला. धैर्यशीलला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यानं फक्त परवाना पुढं केला.

ही सगळी धावपळ होती तारामती घोरपड्यांसाठी.

त्यांना सगळे आक्का म्हणत. तरुणपणी त्यांनी मातीच्या उडत्या बश्या फोडण्याच्या नेमबाजीत देशभर नाव काढलं होतं. आता सत्तरी ओलांडलेली, गावाबाहेर माळावर घर, दारात म्हशी. शिकवत, पण मनात आलं तरच. धैर्यशील ह्याच नेमबाजीत जिल्ह्यात पहिला आलेला होता, एकदा नव्हे, ओळीनं. फक्त राज्याच्या संघात त्याची निवड होत नव्हती. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली. तो काडतुसांना दोष द्यायचा. कधी वाऱ्याला.

पहिल्या भेटीला तो आपली परदेशी बारा बोअरची बंदूक घेऊन गेला होता. आक्कांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, परत दिली.

"घरात दुसरी आहे?"

"वडलांची आहे. सोळाची. पण ती जुनी आहे, आक्का."

"ती आण."

"तिची काडतुसं मिळत नाहीत."

"मग मिळाली की ये," असं म्हणून आक्का म्हशीला पाणी दाखवायला निघून गेल्या होत्या.

त्याला तो नकारच वाटला होता. टाळायची एक सभ्य रीत. म्हणूनच आज तो डबा त्यानं दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेतला. आता आक्कांना नाही म्हणायला जागाच उरली नव्हती.

दुपारभर तो दस्तगीरचाचांच्या शेजारी बसून शिकला. सुरुवातीला त्याची घाई बघून म्हातारा नुसता त्याच्या मनगटावर बोट ठेवायचा. मग घाई कमी झाली. पहिलं काडतूस तयार झालं तेव्हा धैर्यशीलनं ते कानाशी नेऊन हलवलं, लहान मूल खुळखुळा हलवतं तसं.

"आवाज आला तर ढिलं भरलंय," चाचा म्हणाले.

आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळावर पोचला तेव्हा आक्का गोठ्यातून हात धुऊन येत होत्या. त्यानं डबा पुढं धरला. भरलेली काडतुसं एका बाजूला, रिकाम्या पुंगळ्या एका बाजूला.

आक्कांनी एक काडतूस उचललं. बोटानं बुडावरची टोपी चाचपली. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते धैर्यशीलला अपेक्षित नव्हतं. त्या खूश झाल्या होत्या.

"कुणी भरली?"

"मी."

"कुठं मिळाल्या ह्या?"

त्यानं सांगितलं. गिरणी, बांगड्या, वरची फळी, फुंकर, सगळं सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला, इतकं त्याला एकदम सांगायचं होतं. आक्का ऐकत होत्या आणि मध्येच मान हलवत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "बघू."

माळाच्या टोकाला बश्या उडवायचं स्प्रिंगचं यंत्र होतं. त्याची दोरी ओढायला मारुती बसायचा, आक्कांचा जुना शेतगडी. समोर मोकळा उतार, कुसळी गवत, पलीकडं निव्वळ आभाळ.

धैर्यशीलनं वडलांची बंदूक खांद्याला लावली.

"हां," तो म्हणाला.

मारुतीनं दोरी ओढली. बशी उडाली. बंदूक कडाडली, खांद्याला धक्का बसला आणि आभाळात बशीचा काळा भुगा झाला.

त्यानं वळून आक्कांकडं पाहिलं. आपण स्वतः भरलेलं काडतूस. वडलांची बंदूक. त्याला ओरडावंसं वाटत होतं.

दुसरी बशी फुटली. तिसरी न फुटता सुटली. चौथी फुटली, पण कडेनं. मग लागोपाठ दोन सुटल्या.

"ह्या दोन ढिल्या भरल्या गेल्या असणार," तो म्हणाला.

आक्का त्याच्या खांद्याकडं बघत होत्या.

"किंवा वारा..."

आक्कांनी हात पुढं केला. "डबा दे. आता मी भरते. तू समोर बघ. मी बंदुकीत काय घालते ते बघायचं नाही."

त्या त्याच्या मागं उभ्या राहिल्या. बंदूक मधून मोडून उघडल्याचा आवाज आला, पितळ आत सरकल्याचा आवाज आला, बंदूक मिटली आणि त्याच्या हातात आली.

"हां."

बशी उडाली. त्यानं नळी तिच्या मागं नेली, घोडा दाबला.

टक्.

एवढाच आवाज. पण बंदुकीची नळी झटक्यानं खाली गेली होती, खांदा पुढं आला होता आणि एक डोळा घट्ट मिटला होता. बशी तरंगत जाऊन गवतात पडली.

"टोपी खराब निघाली," धैर्यशील म्हणाला.

आक्कांनी बंदूक मोडून पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली. हलकी. आरपार रिकामी. तिला टोपी नव्हती, आत दारूही नव्हतीच.



धक्क्यानं नळी खाली गेली असं नव्हतं. धक्का आलाच नव्हता.

"परत," आक्का म्हणाल्या.

परत टक्. परत नळी खाली.

"परत."

या वेळी बंदूक कडाडली. त्याला वाटलं होतं टक् होणार. बशीचा भुगा झाला, अगदी मधोमध.

"परत."

टक्. नळी खाली.

मारुती तिकडं मान खाली घालून गवताची काडी चावत बसला होता. धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जिल्ह्यातली ती सगळी पदकं, वर्तमानपत्रातले फोटो... आणि इतकी वर्षं प्रत्येक बार उडवताना तो असा दचकत होता. बार उडाल्याच्या दणक्यात ते कुणाला दिसलं नव्हतं. त्यालाही नाही.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याखालून दुसरंच काहीतरी उसळून येत होतं. ना वारा, ना काडतूस. इतकी वर्षं जे हातात सापडत नव्हतं, ते सापडलं होतं.

आणि त्याचबरोबर जरा रागही आला.

"आक्का," तो म्हणाला, "कुणीही दचकेल. आत काय आहे ते माहीत नसलं तर कुणाचीही नळी हलेल."

"व्हय?"

"तुमचीसुद्धा."

मारुतीनं काडी थुंकली आणि वर पाहिलं.

 आक्कांनी पदर कमरेला खोचला.

"भर," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

धैर्यशीलनं भरलेलं काडतूस घातलं. आक्कांनी बंदूक घेतली, खांद्याला लावली. त्या एकदम तरुण दिसू लागल्या. बशी उडाली आणि आभाळाच्या मध्यावर फुटली.

त्यानं परत भरलेलंच घातलं. परत भुगा.

मग त्याचा हात डब्याच्या दुसऱ्या बाजूला गेला.

त्यानं रिकामी पुंगळी उचलली. पितळ पितळावर वाजू नये म्हणून दोन बोटांत अलगद धरून आत सारली. बंदूक मिटवली. आक्कांच्या हातात देताना त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. 

ती नळी खाली जावी असं त्याला वाटत होतं.

ती खाली जाऊ नये, असंही वाटत होतं.

"हां," आक्का म्हणाल्या.

मारुतीनं दोरी ओढली. बशी उडाली.

धैर्यशीलनं बशीकडं पाहिलंच नाही. तो नळीच्या टोकाकडं बघत होता.

टक्.

नळी हलली नाही.

म्हणजे हलत होती, पण बशीबरोबर. बशी वर चढत होती तशी ती वर चढली, बशी वळली तशी वळली, बशी उताराला लागली तशी तिच्यासंगं उतरली. घोडा कधी दाबला गेला ते नुसत्या आवाजावरूनच कळलं होतं. आक्कांचा खांदा, गाल, मान, काहीसुद्धा जागचं हललं नव्हतं. दोन्ही डोळे उघडे. बशी गवतात जाऊन बसली तरी नळी तिच्यावरच होती.





मारुती उठून उतारावर गेला, वाकला आणि बशी वर धरून दाखवली. अख्खी. टवकासुद्धा उडाला नव्हता.

धैर्यशीलला काहीतरी बोलायचं होतं.  तोंडातून निघालं ते भलतंच.

"राहिली, आक्का... फुटली नाही."

आक्कांनी बंदूक मोडली. पुंगळी बोटांनी ओढून काढली, तिच्या तोंडातून आरपार आभाळाकडं बघितलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"फोडायचं काम दारूचं, बाळ."