वेळूखोऱ्यातला थंड विळा

विळा आपोआप तापत नाही. कुणीतरी कोळसा घालतं, कुणीतरी भाता ओढतं, कुणीतरी बाळाचे पाय घट्ट धरतं, आणि मग सगळे मिळून म्हणतात, रीतच आहे. रीतीला हात नसतात, हात माणसांना असतात. ते कुणाचे होते असं विचारलं की ज्यांना ठाऊक आहे ते जमिनीकडे बघतात. बघू देत. आपण गोष्ट सांगू.

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीत वेळूखोरं नावाचं गाव होतं, आणि त्या गावात असं एकही पोट नव्हतं ज्यावर डाग नव्हता. तान्हं बाळ रडू लागलं, पाय पोटाशी घेऊ लागलं, पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, की घरातली बाई लोहाराच्या भट्टीवर विळा घेऊन जाई. पोटात वारा अडकलाय, तो विस्तवाला भिऊन पळतो, असं गाव मानत होतं. विळा तापे, टोक बेंबीशेजारी टेके, बाळ किंचाळे आणि मग दमून गप्प होई. गप्प झालं म्हणजे वारा पळाला.

विळा टेकवायची म्हाळसाबाई. तिचा हात हलका, असं म्हणत. भट्टी केरबा लोहाराची, आणि भाता ओढायची त्याची बायको गवरा. गावातल्या प्रत्येक बाळासाठी तिनं भाता ओढला होता. तिच्या स्वतःच्या लेकासाठीही तिनंच ओढला. त्याचा डाग चिघळला, अंग तापलं आणि लेकरू गेलं. तेव्हा म्हाळसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उशीर झाला गं. कालच आणायला हवं होतं." गवरानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भात्याशी बसली. पण त्या दिवसापासून ती बोलायची कमी झाली आणि बघायची जास्त.

एकदा भर कामात भाता अडला. नळीत राख बसली होती. केरबा जोर लावत राहिला, आणि बकऱ्याचं ते कातडं फुगून फुगून फाटायला आलं. गवरानं त्याचा हात धरला. तिनं भात्याच्या पोटावरची दोरी सैल केली, त्याला मांडीवर पालथा घेतला आणि पाठीवर हळूहळू थापट्या मारल्या. राख सुटली, वारा फुस्सकन बाहेर पडला, कातडं मऊ झालं.

केरबा म्हणाला, "झालं. चल, ओढ."

गवरा उठेना. ती त्या मऊ कातड्याकडे बघत बसली, आणि असं म्हणतात, तिचे डोळे असे पेटले होते की भट्टीला त्या दिवशी वेगळा कोळसा लागला नाही.

मग एका सकाळी म्हाळसाबाई आली. हातात विळा होता. मागे तिची लेक ठकी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि ठकीच्या कुशीत कापडात करकचून गुंडाळलेलं, रडून निळंजांभळं झालेलं बाळ. भट्टीपाशी शिवा गुरव आधीच बसला होता. म्हातारा, कानानं अधू, नांगराचा फाळ भट्टीत तापवून पाजवून घ्यायला आलेला.

"ओढ गं गवरे," म्हाळसाबाई म्हणाली.

"न्हाई ओढत, आत्याबाई."

म्हाळसाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शिवा गुरवाला काहीच ऐकू आलं नव्हतं, तो फाळ पुढे सरकवत होता.

"आजारी हायेस का?"

"धडधाकट हाय. म्हणून तर न्हाई म्हणते. वारा भाजून जात न्हाई. त्याला वाट द्यावी लागती."

"अगं, मी गावातली निम्मी पोटं डागली. ही ठकी डागली. म्हणून जगली!"

"आणि माझा?"

भट्टीतला एक कोळसा तडकला.

"तुझ्या वेळी उशीर झाला," म्हाळसाबाई म्हणाली.

"जगलं की डागानं, गेलं की उशिरानं. तुमच्या विळ्याला कधी दोषच लागत न्हाई, आत्याबाई. लई भाग्याचा विळा!"

आता म्हाळसाबाईचा आवाज चढला. तिनं केरबाला दटावलं, की खळ्यावर बलुतं हवं असेल तर बायको आवर. बलुतं म्हणजे लोहाराचं वर्षाचं धान्य. केरबानं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा रिकाम्या कणगीकडे, आणि खाली मान घालून स्वतः भात्याशी बसला.

गवरानं त्याला अडवलं नाही. ती ठकीपुढे गेली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"विळा लाल होईस्तोवर लेकरू माझ्याकडं दे. मग तुझी आई आणि तू."

ठकीनं आईकडे बघितलं. मग तिचा हात आपोआप लुगड्यावरून स्वतःच्या पोटाकडे गेला, जिथं तिचा डाग होता. तिनं बाळ गवराच्या हातात दिलं.

"दे, दे," म्हाळसाबाई फणकारली. "लोहारणीची वैदीण झालेली बघू दे गावाला."

गवरानं आधी ते करकचलेलं कापड सोडलं. बाळाचे गुडघे मोकळे झाले. तिनं त्याला खांद्यावर उभं धरलं, पाठ चोळली. बाळ रडतच राहिलं. तिनं त्याचे गुडघे अलगद पोटाशी नेले, सोडले, पुन्हा नेले. बाळ रडतच राहिलं. मग भात्याला घेतलं होतं तसं तिनं त्याला पालथं घेतलं, आपल्या डाव्या हातावर, डोकं कोपराच्या खळगीत, तोंड बाजूला मोकळं, हात-पाय दोन्हीकडे लोंबते. उजवा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला आणि ती भट्टीभोवती चालू लागली.

ती चालत राहिली. लोक जमले. असं म्हणतात, केरबाला भाता तेव्हा जेवढा जड गेला तेवढा आयुष्यात कधी गेला नाही. काहीजण म्हणतात, लोखंडानंच वेळ काढला, काळं राहायचा हट्ट धरला. पण लोखंड किती हट्ट करणार? विळ्याचं टोक आधी तांबूस झालं, मग लाल झालं.

म्हाळसाबाईनं मुठीला फडकं गुंडाळून विळा उचलला. "बस झालं. दे इकडं."

गवरा चालतच राहिली. म्हाळसाबाई विळा घेऊन तिच्या मागे. गवरा भट्टीभोवती, म्हाळसाबाई गवराभोवती, आणि गाव श्वास धरून. शेवटी म्हाळसाबाई आडवी आली तेव्हा गवरानं बाळ छातीखाली घेतलं आणि पाठ तिच्याकडे केली.

"टेकव," ती म्हणाली. "आधी माझ्या पाठीला टेकव. माझ्या लेकाच्या वेळचं देणं माझ्याकडं राहिलंय. पण ह्याला हात लावू देणार न्हाई."

म्हाळसाबाईचा हलका हात त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला नाही. विळा हवेतच राहिला. गवराचा तळवा मात्र थांबला नव्हता. पाठीवर, खालून वर, थाप, थाप, थाप.

आणि वारा सुटला.

असं म्हणतात, आधी वरून ढेकर आली आणि मग खालून असा आवाज झाला की वेळूचं बेट वाकलं. देवळातली घंटा कुणी न ओढता वाजली. गल्लीतल्या शेळ्या दावी तोडून पळाल्या. भाता स्वतःहून फुगला आणि केरबा मागच्या मागे पडला. भट्टीतली राख आभाळात उडाली, सगळे निखारे एका फुंकरीत विझले, आणि म्हाळसाबाईच्या हातातला लाल विळा तिच्या डोळ्यांदेखत काळा पडून नदीतल्या दगडासारखा गार झाला.

राख खाली बसली तेव्हा बाळ गवराच्या हातावर पालथंच झोपलं होतं. ओठांतून दुधाचा एक थेंब ओघळला होता. ठकी रडत होती, पण आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून.

पागोटं उडालेला, दाढीत राख भरलेला शिवा गुरव विझलेल्या भट्टीकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "विस्तव गेला की! आता माझ्या फाळाचं काय?"

आधी ठकी हसली. मग गाव हसलं. म्हाळसाबाई सगळ्यात शेवटी हसली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. तिनं तो विळा गवराच्या पाण्याच्या कुंडीत टाकला. तो चुरचुरलासुद्धा नाही.

त्यानंतर वेळूखोऱ्यात विळा तापला नाही. बाळाला असं पालथं धरायला शिकवत गवरा घरोघरी गेली, आणि मागून म्हाळसाबाई जाऊ लागली. केरबाच्या कणगीत धान्य आलं. म्हातारपणीही गवराला कुणी बसलेलं पाहिलं नाही, तिच्या हातावर कुणाचं ना कुणाचं बाळ असायचंच. भट्टी कधीच मोडली, पण तिच्याभोवती ती चालली त्या वाटेवर आजही गवत उगवत नाही, असं म्हणतात. गावात तिला गवराई म्हणतात.

आजही तिथं पाचवीच्या पूजेला विळा ठेवतात, तो पाण्यानं भरलेल्या तांब्यात. बाळ बघायला येणाऱ्यानं आधी हात धुवायचे, मग बाळाला डाव्या हातावर पालथं घेऊन उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचं, आणि मगच बसायचं. पुरुषांनीसुद्धा. त्यांनी तर आधी, कारण त्या दिवशी भाता केरबानं ओढला होता. आणि एवढं करूनही पोट ताठच राहिलं, बाळानं दूध सोडलं, अंग तापलं, तर गाव कुणाच्या रीतीची वाट बघत नाही, जीप काढून दवाखान्यात नेतं.

बहुतेक वेळा तेवढी गरज पडत नाही. बाळ ढेकर देतं, हातावर सैल पडतं, आणि घर गप्प होतं. मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, कान चांगले असले तरी बहिऱ्यासारखं मोठ्यानं म्हणतं, "विस्तव गेला की! आता माझ्या फाळाचं काय?"