तीन वेळा दार वाजवावं

"मग माझं चुकलं कुठे, चाचा? चोरी केली? कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं?"

हे विचारत विचारतच विश्राम शिवलकर बाबामियाँ होडेकरांच्या घरात शिरला. प्रश्न पायरीवर सुरू झाला आणि संपला तेव्हा स्वारी मधल्या खोलीत होती.

हमीदाचाची जेवायला बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावर ओढणी ओढली, ताट उचललं आणि आत गेल्या.

विश्रामचं तिकडे लक्षच नव्हतं...

बाबामियाँचं होतं.

"बस," ते म्हणाले.

विश्राम बसला. एसीचा मेकॅनिक तो. हात असा की नुसता आवाज ऐकून यंत्राचं दुखणं सांगेल, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही पुरेपूर ठाऊक. ओमानला, सूर गावी, आठ महिने काम केलं आणि एक दिवस मालकानं सक्तीच्या रजेवर घरी पाठवून दिलं. झालं! आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हा तिकडे काय करून आला?

बाबामियाँ त्याच सूरमध्ये एकतीस वर्षं नळाची कामं करून आलेले. शेकडो घरांत गेले-आले, पण तक्रार म्हणाल तर एक नाही. म्हणून तर विश्रामच्या अरबाबनं, म्हणजे तिकडच्या मालकानं, फोनवर सांगितलं होतं: शनिवारपर्यंत होडेकर 'हा चालेल' म्हणाले, तर सोमवारी ये. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

आज गुरुवार होता.

"काय झालं ते सांग."

"एका घरचा एसी बंद पडलेला. मी बेल वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं, तर शिडी घेऊन आत गेलो. समोर त्यांची म्हातारी केस विंचरत बसलेली. दचकली हो! हातातली फणी पडली. मी सॉरी म्हटलं, मान खाली घातली आणि कामाला लागलो. वीस मिनिटांत एसी थंडगार!"

"मग?"

"मग तिचा मुलगा आला. मला वाटलं, आता बोलावतो पोलीस. पण त्यानं मला बसवलं. खजूर दिले, कहवा दिला. गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळं विचारलं. दारापर्यंत सोडायला आला..."

"आणि?"

"आणि मी गेल्यावर अरबाबला फोन केला. याला पुन्हा आमच्याकडे पाठवू नका म्हणून."

बाबामियाँनी डोळे मिटले.

"काय माणसं आहेत!" ते म्हणाले. आवाजात कौतुक नुसतं भरून आलं होतं. "आईच्या अंगावर कुणी चालून यावं तसं झालं असेल त्याला. तरी पाहुण्याला कोरड्या तोंडानं जाऊ दिलं नाही."

विश्रामला हे कौतुक काही रुचलं नाही. कौतुक व्हायला हवं होतं ते वीस मिनिटांत दुरुस्त झालेल्या एसीचं. त्यानं खिशातून छोटी वही काढली.

"तिकडचे कायदे मला तोंडपाठ आहेत, चाचा. ऐका. बायकांचे फोटो काढायचे नाहीत. रमजानात दिवसा रस्त्यावर खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दारू पिऊन बाहेर दिसायचं नाही. गुडघे झाकायचे. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानं. बाईमाणसानं आपण होऊन हात पुढे केला तरच..."

वाचत गेला. चाचा मान डोलवत गेले.

"एकतीस आहेत. एक जरी चुकला असला तर सांगा."

"एकही चुकलेला नाही."

"मग करा फोन!"

"इथं आत कसा आलास?"

"म्हणजे? चालत आलो."

"ये कुणी म्हटलं?"

विश्राम हसला. "अहो, दार उघडं होतं! आपल्या आळीत कोण 'ये' म्हणायची वाट बघतं? आपली माणसं, आपलं घर."

बाबामियाँ चाची उठून गेल्या त्या जागेकडे पाहत राहिले. तिथं पाण्याचा तांब्या तेवढा राहिला होता...

"परत जा," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी विश्राम पुन्हा हजर. या खेपेला दार लावलेलं होतं. त्यानं ते वाजवलं कसलं, बडवलंच. उघडायला उशीर झाला, तशी खिडकीच्या गजांना नाक लावून आत पाहिलं.

"कोण?" आतून आवाज.

"मी!"

"मी कोण?"

"मी म्हणजे... मीच की! आवाज ओळखत नाही का, चाचा?"

"परत जा."

"चेष्टा करताय का माझी? उद्याचा एक दिवस राहिलाय हातात!"

दार उघडलं नाही. पण पलीकडून चाचांचा आवाज आला, अगदी सावकाश.

"सूरला दारासमोर कुणी उभं राहत नाही, विश्राम. दार उघडलं की नजर सुटते, ती पायांच्या आधी आत जाते. म्हणून बाजूला उभं राहतात, तोंड रस्त्याकडे करून. तीन वेळा वाजवतात, मध्ये जरा दम खाऊन. आपलं नाव सांगतात. आतून 'परत जा' आलं, किंवा काहीच आलं नाही, तर परत जातात."

"आणि अपमान होतो त्याचं काय?"

"कुणाचा?"

"परत जाणाऱ्याचा!"

"आपल्याकडे नको त्या वेळी माणूस आला तर आपण काय करतो?"

विश्रामनं डोकं खाजवलं. "आतून ओरडून सांगतो... घरात कुणी नाही म्हणून."

दोघांनाही हसू फुटलं. एक दाराच्या अलीकडे, एक पलीकडे.

"तिथं खोटं बोलावं लागत नाही बघ. आत्ता नको, एवढं म्हटलं की पुरे. ना सांगणाऱ्याला लाज, ना जाणाऱ्याला राग. मला किती दारांनी परत पाठवलं असेल... त्याच घरांनी ईदला पहिलं ताट माझ्यापुढं मांडलं."

विश्रामनं भिंतीला वही टेकवली आणि बत्तिसावा कायदा लिहून काढला.

"लिहिला, चाचा! आता करा फोन!"

आतून काहीच आलं नाही.

समोरच्या पायरीवर ताराकाकू पिलणकर कोळंबी सोलत होत्या. सोलणं कमी, ऐकणं जास्त.

"काय रे विश्राम, दोन दिवस बघते. बाबामियाँपण घरात घेईनात का तुला?"

"काकू, मांजरानं कोळंबी पळवली बघा."

"पळवू दे. तू सांग ना, काय म्हणाले?"

शनिवारी सकाळी तो आला तो वही घरीच ठेवून. दारासमोरून बाजूला झाला. पाठ भिंतीला, तोंड खाडीकडे.

दार वाजवलं. हलकेच.

"विश्राम शिवलकर आलोय, चाचा."

काही नाही.

दम खाल्ला. दुसऱ्यांदा वाजवलं. आतून खोकल्याचा आवाज आला. चाचा घरातच होते! पायरीवर त्यांच्या चपलाही होत्या.

तिसऱ्यांदा वाजवलं.

काही नाही...

हात चौथ्यांदा वर गेला. जाईल नाही तर काय! सोमवारचं विमान, आठ महिन्यांत कमावलेलं नाव, आळीतल्या लोकांची बंद होणारी तोंडं, सगळं त्या चौथ्या थापेपाशी अडलं होतं. खिडकीही दोन हातांवर होती.

पण जिथं तो उभा होता तिथून आतलं काही दिसत नव्हतं. आणि दिसत नव्हतं म्हणूनच पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आत काय चाललं असेल? चाचीला बरं नसेल. दोघांत काही बोलणं निघालं असेल. कुणी रडत असेल, कुणी नमाजाला उभं असेल. नाहीतर नुसतंच, आज कुणी नको असेल. काहीही असेल.

त्यांचं घर.

हात खाली आला. तो वळला आणि चालू लागला.

"काय म्हणाले रे?" ताराकाकूंनी मान लांब केली.

"चाचांना आत्ता सवड नाही, काकू."

"आणि तू मुकाट्यानं निघालास? राग नाही आला?"

विश्राम थबकला. राग यायला हवा होता खरा. त्यानं मनात शोधलाही, पण सापडेना.

"नाही आला," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी येऊन त्यानं बायकोला, सुगंधाला, सांगितलं, "गेलं ते काम. आता चिपळूणला दुकान बघतो कुणाचं तरी." ती नुकतीच न्हाऊन आली होती, केस पिंजारून उन्हाच्या पट्ट्यात पाठ करून बसली. तोही भिंतीला टेकून बसला.

बाराच्या सुमारास चौकट वाजली.

दार तर सताड उघडं होतं, पण दारात कुणी दिसेना.

"बाबामियाँ होडेकर आलोय," बाजूनं आवाज आला.

विश्राम ताडकन उठला. "या, या! आत या, चाचा, आपलंच..."

आणि जीभ तिथंच अडली.

तो मागं वळला. लग्नाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत घरात माणसं आली, मित्र आले, भर दुपारी आले, ताटावर आले. हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"चाचा आलेत. येऊ दे आत?"

सुगंधानं त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा करतोय का म्हणून नीट पाहिलं.

"आत्ता नको," ती म्हणाली.

"अगं, चाचा आहेत! माझं काम त्यांच्या एका शब्दावर..."

"केस ओले आहेत, अंगावर घरातला गाऊन आहे. आणि सकाळपासून मला रडू येतंय, ते तेवढं होऊ दे. विचारलंत म्हणून सांगितलं. एरवी उठतेच की मी."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सत्तरी उलटलेला माणूस, डोक्यावर फक्त जाळीची टोपी, भिंतीला पाठ लावून खाडीकडे बघत थांबलेला. याच्या एका शब्दावर सोमवार अवलंबून. आणि याला काय सांगायचं?

बायको घरात नाही म्हणावं? आजारी आहे म्हणावं? सबबी जिभेवर रांगेनं उभ्या राहिल्या...

तो उंबऱ्यापर्यंत आला. घसा खाकरला.

"चाचा..."

"बोल."

"घरात आत्ता नको म्हणतात." आवाज चिरकला. "परत जा."

बाबामियाँनी मान वळवली नाही. पण सुरकुतलेला तो गाल बाजूनं दिसत होता, आणि त्यावर हसू असं पसरलं, जसं कुणी हातात मोठं काही ठेवलं असावं.

"अल्हम्दुलिल्लाह," ते पुटपुटले. "या गावात इतकी वर्षं काढली... एकाही घरानं मला कधी परत पाठवलं नव्हतं."

ते निघाले. चार पावलं गेले आणि पाठमोरेच म्हणाले,

"सोमवारचं तिकीट काढ."