लोकरीचा लेप

वस्तूंना वाचा होती त्या काळी दोन मेंढे भाऊ होते. थोरल्याचा पाय काट्याने फाटला, तेव्हा धाकटा सुती पट्टी घेऊन आला. त्याच्या अंगावरची लोकर पट्टीला म्हणाली, "बाई, ओल्या जखमेवर तुझ्यात जंतू वाढतील. मला राखेच्या कढत पाण्यात विरघळवून लेप लावून घे, मग ते टिकणार नाहीत."

"म्हणजे मला मेंढराचा वास यायचा," पट्टी म्हणाली. "मी धुतलेली आहे, तेवढं पुरे."

धाकट्याला धीर नव्हता. त्याने ती तशीच बांधली.

जखम सडली. पट्टीला स्वतःचीच दुर्गंधी सोसेना. "लाव बाबा लेप," ती म्हणाली. धाकट्याने ती सोडून दूरच्या चुलीपाशी नेली, तिथे लोकर विरघळवून तिला लावली आणि तिला तोंडात धरून तो दादाकडे धावत सुटला. पोचला तेव्हा दादाचा पाय थंड पडला होता. तरी त्याने ती घट्ट बांधली.

दादा मातीत कुजला. पट्टी कुजली नाही.